बँडची वही: पोस्ट-पंकवाल्यांकडून शिकलेला जमाखर्च

बँड काढायचा ठरला की पोरं आधी नाव शोधतात, मग लोगो करतात, मग इन्स्टाग्रामवर खातं उघडतात. माझं सांगणं एवढंच, की त्याच्याही आधी एक दोनशे पानी वही विकत घ्या. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. पहिल्या पानावर सगळ्यांची नावं, कोणी किती पैसे घातले, कोणाचं कोणतं सामान बँडात वापरलं जातंय, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. तालीम त्यानंतर.

मी पुण्यात लक्ष्मी रोडजवळ एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघते. दिवसभर कापडवाले, औषधवाले, त्यांची जीएसटीची रिटर्नं. संध्याकाळी आणि रविवारी ओळखीतल्या काही बँडांच्या वह्या. हे दुसरं काम मी मागून घेतलं. कॉलेजात असताना पोस्ट-पंक कानावर पडलं आणि त्यानं जे धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९७७-७८च्या सुमारास इंग्लंडात पंकची, म्हणजे झटपट, बंडखोर रॉकची, पहिली लाट ओसरत होती, तेव्हा काही पोरापोरींनी पंकमधला 'आपलं आपण करू' हा हट्ट तेवढा ठेवला आणि संगीत मात्र मोकळं सोडलं. गिटार खरखरीत आणि तुटक, बेस पुढे, ड्रम कोरडे, मध्ये भरपूर रिकामी जागा. कुणी रेगेतून घेतलं, कुणी फंकमधून, कुणी टेपचे तुकडे चिकटवले.

ऐकता ऐकता लक्षात आलं, की या बँडांचं संगीत आणि त्यांचा हिशेब यांची ताटातूट करता येत नाही. ते विचित्र वाजवू शकले कारण त्यांचा खर्च कमी होता. खर्च कमी, म्हणून देणं कमी. देणं कमी, म्हणून समोरच्याला नाही म्हणता यायचं. स्वतंत्र बँड चालवायचा म्हणजे नाही म्हणायची ऐपत सांभाळायची. पुढे जे सांगतेय ते सगळं त्यासाठीच.

पहिलं रेकॉर्डिंग

मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं २८ डिसेंबर १९७६ला एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली. घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, स्वतःच्या लेबलला, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीला, 'न्यू हॉर्मोन्स' असं नाव दिलं आणि जानेवारी १९७७मध्ये पहिल्या हजार प्रती काढल्या. पुढे ती तबकडी सोळा हजारांच्या घरात खपली. कव्हरवर कोणतं गाणं कितव्या टेकला, म्हणजे कितव्या प्रयत्नाला, झालं आणि वरून किती ओव्हरडब, म्हणजे आवाजाचे थर, चढवले हेसुद्धा छापलं होतं. स्टुडिओत काही जादू घडत नाही, इतक्या वेळा वाजवलं की होतं, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून.

त्याच वर्षी लंडनमध्ये डेस्परेट बायसिकल्स नावाचा बँड फक्त एक सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी तबकडी, काढण्यासाठी जमला. डाल्स्टनमधला स्टुडिओ तीन तासांसाठी घेतला, दोन गाणी केली आणि दोन्ही बाजूंना तीच दोन गाणी छापली, म्हणजे तबकडीचा साचा कापायचा खर्च एकदाच. ५०० प्रती, एकूण खर्च १५३ पौंड. म्हणजे नगाला साधारण ३१ पेन्स. दुसऱ्या सिंगलच्या कव्हरवर त्यांनी हा १५३चा आकडा छापला आणि वाचणाऱ्याला विचारलं, तुम्ही तुमचं सिंगल अजून का काढलं नाही?

पण माझा सगळ्यात लाडका कागद आहे तो लंडनच्याच स्क्रिटी पॉलिटी या बँडच्या १९७८मधल्या पहिल्या सिंगलचं कव्हर. कॅम्डेनमधल्या पडक्या घरात राहणारी ही मंडळी. कव्हर म्हणजे झेरॉक्ससारखा घडी घातलेला कागद, आणि त्यावर पूर्ण जमाखर्चातला खर्च: केंब्रिजच्या स्टुडिओत १४ तास, मास्टर टेपसकट ९८ पौंड. मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधी आवाज शेवटचा नीट बसवणं, ४० पौंड. २,५०० प्रती छापायचे ३६९ पौंड ३६ पेन्स. कोऱ्या लेबलांवर मारायचा रबरी शिक्का ८ पौंड. सोबत स्टुडिओचा, कारखान्याचा, शिक्केवाल्याचा पत्ता. छपाईचा दर काढून बघा, नगाला पंधरा पेन्सच्या आत. कुणीही तो कागद घेऊन त्याच पत्त्यावर जावं आणि आपलं काम करून घ्यावं. माझे वडील आमच्या पेठेतल्या गणेश मंडळाचे खजिनदार होते. विसर्जन झालं की आठवड्याभरात वर्गणीचा हिशेब फळ्यावर लागायचा, मांडव, वाजंत्री, फुलं, प्रसाद, पैशापर्यंत. स्क्रिटी पॉलिटीचं ते कव्हर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो फळा दिसला. माणसं आपल्या वस्तूवर स्वतःहून खर्च छापतात, तेव्हा ती ऐकणाऱ्याला गिऱ्हाईक समजत नाहीत. त्याला आपल्यातलाच एक समजतात.

आता तुमच्या बँडाचं. स्टुडिओला फोन करण्याआधी दोन गाणी निवडा. दोनच. एक तुमचं सगळ्यात पक्कं आणि एक सगळ्यात वेगळं. तालमीच्या खोलीत मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. सलग तीन वेळा न चुकता, न थांबता निघत असेल तर स्टुडिओ घ्या, नाहीतर तिथे ताशी भाडं देऊन तालीम कराल. फोनवर दर विचारताना तीन गोष्टी वेगळ्या विचारा: या दरात इंजिनियर धरलाय का, ड्रमचे माइक लावायला जो वेळ जातो तो भाड्यात मोजणार का, आणि शेवटी मल्टिट्रॅक फाइली, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल, देणार का. तिसरी गोष्ट पोरं हमखास विसरतात. नुसतं मिक्स केलेलं गाणं हातात आलं तर पुढे कधी आवाज सुधारायचा झाला की परत त्याच दाराशी. फाइली त्याच दिवशी आपल्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि पैशांचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.

तबकडी किंवा कॅसेट काढायची असेल तर तिच्यात किती मिनिटं मावतात ते आधी बघा. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडनं १९७८मध्ये स्वतःच्या पैशानं चार गाण्यांची पहिली तबकडी काढली ती सात इंची. चार गाणी त्या आकारात कोंबली की खोबण अरुंद होते, आवाज दबतो. त्यांचंही तेच झालं. त्याच वर्षी तेच रेकॉर्डिंग बारा इंचावर पुन्हा काढावं लागलं. एकाच मालावर दोनदा छपाईचा खर्च पडला. छापणाऱ्याकडून आधी नमुना प्रत मागवा, ती भारी सिस्टिमवर न ऐकता साध्या घरच्या स्पीकरवर ऐका, मगच होकार कळवा.

कव्हरवर खर्च छापायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. वहीत मात्र तो असलाच पाहिजे. रिक्षाचं भाडं, तुटलेली तार, इंजिनियरला पाजलेला चहा, सगळं. 'किरकोळ' असं खातं मी माझ्या एकाही बँडाला काढू देत नाही. पैसे तिथेच गळतात.

गाणं कोणाचं

माझ्याकडे येणारे निम्मे तंटे पैशांचे वाटतात, पण मुळात ते श्रेयाचे असतात. गायक म्हणतो शब्द माझे, गिटारवाला म्हणतो चाल माझी, आणि ड्रमर गप्प बसतो कारण त्याला वाटतं आपलं काही कागदावर येतच नाही. पोस्ट-पंकमध्ये तर गाणं बरेचदा बेस आणि ड्रमच्या ओढाताणीतून निघतं. तिथे चाल कोणाची हे ठरवणार कसं? अमेरिकेतल्या अथेन्स गावच्या आर.ई.एम. या बँडनं हा प्रश्न सुरुवातीलाच मिटवला होता: सगळ्या गाण्यांवर चौघांची नावं, पैसे चौघांत सारखे. मला हीच पद्धत सगळ्यात निरोगी वाटते, आणि नवीन बँडाला मी हीच सुचवते. ज्यांना ती पटत नाही त्यांनी निदान टक्के लिहून ठेवावेत, गाणं पक्कं झालं त्याच आठवड्यात, कारण वर्षभरानं कुणालाच काही नीट आठवत नाही.

मग येतो लेबलचा प्रश्न. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या लेबलनं लिहून दिलं होतं की सगळं संगीतकारांच्या मालकीचं, कंपनीच्या मालकीचं काहीच नाही. १९९२मध्ये फॅक्टरी बुडाली. त्याआधी एक मोठी कंपनी ती विकत घ्यायला आली होती, पण कागद उघडल्यावर दिसलं की फॅक्टरीच्या न्यू ऑर्डर या बँडची गाणी कंपनीकडे नाहीतच, ती बँडची आहेत. कंपनीच्या दृष्टीनं तो कागद म्हणजे आत्मघात असेल. बँडच्या दृष्टीनं तो एक कागद म्हणजे आयुष्यभराचं काम वाचलं.

गेल्या पावसाळ्यात एका बँडचा ड्रमर करार घेऊन आला. इथल्याच एका छोट्या लेबलचा. म्हणाला, "ताई, ते म्हणतात आता सही करा, तपशील नंतर बघू." मी त्याला बसवलं, चहा मागवला आणि आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते वाचून दाखवलं. तुम्हीही लक्षात ठेवा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवेत आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. तोंडी दिलेला शब्द चालत नाही. कोणतं गाणं, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या भागात आणि मोबदला किती हे त्यात लिहायला हवं. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षं धरतात. भाग लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि ज्यानं हक्क घेतले त्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर ते संपतात. त्या करारात 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असे शब्द होते. आम्ही तिथे पाच वर्षं लिहिलं, गाण्यांची नावं लिहिली, आणि परत पाठवला. लेबलवाल्यांनी मान्य केलं. मागितलं तर बरेचदा मिळतं, पण मागायला कायदा ठाऊक हवा.

करारात उचल असेल तर तिच्याकडे दोनदा बघा. आगाऊ मिळालेले पैसे बक्षीस नसतात. ते तुमच्याच वाट्यातून वळते होतात, आणि ते फिटेपर्यंत रॉयल्टीचा एक पैसा हातात पडत नाही. उचल खर्चायच्या आधी स्वतःला विचारा, ही फिटायला किती तबकड्या, किती स्ट्रीम लागतील. उत्तर वहीत लिहा.

चाल आणि शब्द यांची नोंद आयपीआरएसमध्ये, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत, करा. मुंबईची ही संस्था १९६९पासून आहे, आणि हॉटेलात, कार्यक्रमात, टीव्हीवर गाणं वाजलं की त्याचे पैसे गोळा करून लिहिणाऱ्याला आणि चाल बांधणाऱ्याला देते. आपलं वाजणार कुठे, असं म्हणून टाळू नका. लंडनच्या वायर या बँडचंच बघा. त्यांच्या १९७७मधल्या एका गाण्यातला गिटारचा तुकडा १९९४मध्ये इलॅस्टिका या दुसऱ्या बँडच्या गाजलेल्या सिंगलमध्ये ऐकू आला आणि प्रकरण कोर्टाबाहेर तडजोडीनं मिटलं. सतरा वर्षांनी! कागद नीट होते म्हणून तडजोड करता आली.

कार्यक्रम, दार आणि कान

वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड पोस्ट-पंकचा धाकटा भाऊ म्हणा. १९८७ला पहिला कार्यक्रम, आणि शेवटपर्यंत तिकीट जास्त करून पाच डॉलरच्या आसपास. सगळ्या वयाच्यांना प्रवेश. टी-शर्ट विकले नाहीत. कार्यक्रम स्वतः ठरवायचे, मधे एजंट नाही. लोक याला त्याग समजतात. मी हिशेब बघणारी आहे, मला त्यात चोख धंदा दिसतो: तिकीट स्वस्त म्हणून गर्दी पक्की, मधले हात नाहीत म्हणून गळती नाही, स्वतःचं लेबल डिस्कॉर्ड घरचंच, म्हणून तबकडीचा पैसा फिरून घरात. डिस्कॉर्डची सुरुवात १९८०ची, मोडलेल्या बँडच्या साठलेल्या सहाशे डॉलरवर. त्या पोरांनी कार्यक्रमांचे पैसे वाटून न घेता एका डब्यात ठेवले होते, आणि त्यातून पहिली तबकडी निघाली. माझ्या सगळ्या बँडांना मी हेच करायला लावते. पहिल्या वर्षी कार्यक्रमाचे पैसे कोणी घरी न्यायचे नाहीत. प्रवास आणि जेवण वजा, बाकी बँडच्या खात्यात.

खातं बँडच्या नावानं काढायला भागीदारीचा साधा करारनामा लागतो. वकिलाकडून करून घ्या, फार खर्च येत नाही. गायकाच्या यूपीआयवर सगळे पैसे घेणं सोपं वाटतं, पण मग ते उत्पन्न आयकर खात्याला त्या एकट्याचं दिसतं.

कार्यक्रम ठरला की ईमेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: ठरावीक रक्कम की दारावरच्या तिकिटांचा हिस्सा, हिस्सा असेल तर खर्च वजा जाता की आधी, साउंडवाल्याचे पैसे कोण देणार, आणि पैसे कधी मिळणार. हिस्सा असेल तर दारावर आपला एक माणूस बसवा. भांडायला नव्हे, मोजायला. एका शहरातल्या जागेच्या मालकानं आमच्या एका बँडला 'साठच माणसं आली' असं सांगून हिशेब दिला. आमच्या मुलीनं दारावर उभं राहून प्रत्येक डोकं मोजलं होतं, वेळेसकट. तिनं वही पुढे केली आणि आकडा तिथल्या तिथे बदलला. कोणी आवाज चढवला नाही. टीडीएस कापला असेल तर पॅन बँडचाच दिलाय ना ते बघा आणि प्रमाणपत्र मागा, तो पैसा तुमचाच आहे. आणि रात्री दहाची मर्यादा डोक्यात ठेवून गाण्यांची यादी करा. सगळ्यात चांगलं गाणं शेवटी ठेवून कार्यक्रम उशिरा सुरू झाला, तर तेच गाणं कापलं जातं.

आता कान. याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण याचा खर्च कोणत्याच वहीत पकडता येत नाही. बॉस्टनचा मिशन ऑफ बर्मा हा मला अतिशय प्रिय बँड. १९७९ला सुरू झाला, प्रचंड मोठ्यानं वाजवायचा, मागे एक जण टेपचे तुकडे फिरवून त्यात मिसळायचा. गिटारवाला रॉजर मिलर याच्या कानात सतत आवाज घुमायला लागला. नेमबाजीच्या मैदानावर वापरतात तसे जाड कर्णरक्षक घालून तो रंगमंचावर उभा राहिला, तरी भागलं नाही, आणि १९८३ला बँड थांबवावा लागला. ऐन भरात. ते परत आले २००२मध्ये, कानांची पुरेशी तजवीज करूनच. मधली एकोणीस वर्षं गेली ती गेलीच. त्यामुळे प्रत्येक बँडच्या वहीत मी स्वतः पहिली खर्चाची नोंद घालते ती कानात घालायच्या बोळ्यांची. कापूस चालत नाही. संगीतकारांसाठी गाळणी असलेले मिळतात, त्यातून आवाज कमी होतो पण गढूळ होत नाही. तालमीची खोली लहान असते, झांजा थेट कानाशी असतात, म्हणून तालमीतसुद्धा घाला. ड्रमरला सगळ्यात आधी द्या.

माल पोहोचवणं

लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात जेफ ट्रॅव्हिसनं १९७६ला रफ ट्रेड नावाचं दुकान काढलं. १९७८ला लेबल. करार साधा: आधी खर्च वजा, मग नफा निम्मा निम्मा. पण खरी क्रांती होती ती वितरणाची. रफ ट्रेडनं गावोगावच्या दुकानदारांना जोडून जाळं विणलं, त्याला कार्टेल म्हणत. यॉर्कला रेड ऱ्हायनो, ब्रिस्टलला रिव्हॉल्व्हर, लिव्हरपूलला प्रोब, नॉर्विचला बॅक्स. त्यामुळे एखाद्या खोलीत छापलेली पाचशे तबकड्यांची थप्पी देशभर पोहोचायची. या जाळ्याशिवाय पोस्ट-पंक इतकं पसरलंच नसतं, आणि रात्री रेडिओवर अनोळखी बँड वाजवणाऱ्या जॉन पीलशिवायही.

१९९१मध्ये रफ ट्रेडचं वितरण कोसळलं. अनेक छोट्या लेबलांचे पैसे आणि माल त्यात अडकले. म्हणून आणखी एक नियम: तुमची सगळी विक्री एकाच हातातून होऊ देऊ नका, मग तो हात कितीही भला असो.

आज ते जाळं म्हणजे बँडकॅम्प, जिथे बँड आपला माल थेट विकतो ती वेबसाइट, आणि स्ट्रीमिंग. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, वस्तूंवर १० टक्के, पेमेंटचं शुल्क वजा जाता बाकी तुमचं, आणि विकत घेणाऱ्याचा ईमेल तुमच्या हाती येतो. हा ईमेल सोन्याहून मोलाचा, त्याची यादी आपल्याकडे उतरवून ठेवा. स्पॉटिफायवर २०२४पासून एखादं गाणं बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसेच निघत नाहीत. म्हणून नव्या बँडानं स्ट्रीमिंगला जाहिरात समजावं, उत्पन्नाच्या पानावर त्याला ओळ देऊ नये. उत्पन्न येतं ते कार्यक्रमातून आणि हातोहात विकलेल्या मालातून. कार्यक्रमानंतर टेबलावर तबकडी, कॅसेट, छापलेली शब्दांची पुस्तिका ठेवा, किंमत मोठ्या अक्षरात लिहा, सुट्टे पैसे ठेवा, क्यूआर कोड बँडच्या खात्याचा ठेवा, आणि गायकाला टेबलामागे उभं करा.

वर्षानुवर्षं

दीर्घ पल्ल्याचा धडा घ्यायचा तर मी हॉलंडच्या द एक्स या बँडकडे बोट दाखवते. १९७९ला सुरू झाले. कोण कोणतं वाद्य वाजवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. नाव इतकं छोटं का, तर भिंतीवर झटकन फवारता यावं म्हणून. रिकाम्या इमारती ताब्यात घेऊन राहणाऱ्यांच्या चळवळीतले हे लोक. भाडं नाही, म्हणून पोटासाठी बँडला विकायची गरज नाही. स्पेनच्या १९३६च्या क्रांतीवर त्यांनी छोट्या तबकड्यांसोबत छायाचित्रांचं अख्खं पुस्तक काढलं. पुढे इथिओपियाचे वयोवृद्ध सॅक्सोफोनवादक गेताचेव मेकुरिया यांच्याबरोबर वाजवलं, २००६ला त्यांचा एकत्र अल्बम आला. तीस वर्षं गाणारा गायक २००९मध्ये बाहेर पडला, नवा आला. बेसवादक गेला तर पुढे बेसशिवाय वाजवायला लागले. आणि अजून वाजवताहेत. माणूस गेला की ते त्याची नक्कल शोधत बसत नाहीत, उरलेल्यांत काय वाजेल ते शोधतात. माझ्या मते हेच त्यांच्या तग धरण्याचं कारण.

वायरचा मार्ग वेगळा. त्यांनी सुरुवात मोठ्या कंपनीत, ईएमआयच्या हार्वेस्ट या लेबलवर केली. पहिल्या अल्बमात ३५ मिनिटांत २१ गाणी. तिसऱ्या अल्बमचं नाव '१५४', तोवर झालेल्या कार्यक्रमांच्या संख्येवरून. हे नाव वाचून मला फार आनंद झाला होता, कुणीतरी मोजत होतं! १९८०मध्ये ईएमआयशी संबंध संपले आणि बँड थांबला. १९८५मध्ये परत जमले, तेव्हा जुनी गाणी वाजवायला साफ नकार दिला. १९८७च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी एक्स-लायन टेमर्स नावाचा दुसराच बँड सोबत घेतला, ज्यांनी आधी वायरचा पहिला अल्बम वाजवायचा आणि मग वायरनं नवं. ज्यांना जुनं हवं त्यांना जुनं, बँडला मात्र मोकळीक. पुढे २०००च्या सुमारास पिंकफ्लॅग हे स्वतःचं लेबल काढलं आणि तेव्हापासूनचे सगळे अल्बम आपल्या हातात ठेवले. थांबले तेव्हाही सभासद आपापलं काम करत राहिले. म्हणून बँडला सांगते, मध्ये थांबायची सोय करारनाम्यातच ठेवा. थांबणं म्हणजे मोडणं नव्हे, पण थांबल्यावर खात्यातल्या पैशाचं, सामानाचं आणि नावाचं काय, हे लिहिलेलं असलं पाहिजे.

नकाराची किंमतही असते, ती लपवू नये. १९७९मध्ये लीड्सच्या गँग ऑफ फोर या बँडला बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या टीव्ही कार्यक्रमात बोलावलं आणि गाण्यातला एक शब्द बदला म्हटलं. त्यांनी बदलला नाही, कार्यक्रम सोडला. ते गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत ५८व्या क्रमांकाच्या वर चढलं नाही. बरोबर केलं की चूक, यावर माझ्या टेबलाशी तासन्‌तास वाद झालेत. माझं मत, बरोबर केलं. पण तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी वही उघडा, पुढचे सहा महिने या पैशांवाचून निघतात का ते बघा, चौघांनी मिळून ठरवा आणि ठराव तारखेसह लिहा. नाहीतर दोन वर्षांनी त्याचं खापर एकाच्या डोक्यावर फुटतं.

कोणी बँड सोडताना त्याच महिन्यात हिशेब पुरा करा. त्यानं घातलेले पैसे, त्याचं सामान, त्याच्या नावाची गाणी आणि त्यांतले त्याचे टक्के, जे पुढेही त्याला मिळत राहणार. दोन प्रती, दोघांच्या सह्या. बँडचं नाव, डोमेन आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड यांचाही त्यात उल्लेख हवा.

आणि प्रत्येक कार्यक्रम रेकॉर्ड करा, मिक्सरमधून थेट. फुगाझीनं हजाराहून जास्त कार्यक्रम केले, त्यांतल्या आठशेहून अधिक कार्यक्रमांच्या टेप त्यांच्याकडे होत्या. २००२नंतर ते थांबले, आणि २०११च्या डिसेंबरात ते सगळं एका कार्यक्रमाला पाच डॉलर ही सुचवलेली किंमत ठेवून वेबसाइटवर विकायला सुरुवात केली. तिकिटाचा होता तोच दर. थांबलेल्या बँडला त्यातून उत्पन्न सुरू झालं. आमच्या बँडांच्या फाइलींच्या नावात आधी तारीख, मग गाव, मग जागा लिहिलेली असते, आणि एक ड्राइव्ह ड्रमरच्या घरी, दुसरी माझ्या कपाटात वह्यांशेजारी.